फर्ज, वाजिब, सुन्नत, मकरूह: 'चालतं का?' हा प्रश्न अर्धवट का आहे (मंचावरचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तराजू

फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी आचारनियमांच्या शास्त्रात, सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "हे चालतं का?" आणि त्याचं हो-नाहीत दिलेलं उत्तर बहुतेक वेळा फसवं निघतं. पूर्ण प्रश्न असा हवा: केलं तर काय, राहिलं तर काय, आणि राहिलेलं भरून कसं काढायचं? एवढं कळलं की हुकूम (त्या कृतीबद्दलचा नियम) कुठल्या पायरीचा आहे ते आपोआप कळतं.

हनफी पद्धतीची नमाज घ्या (हनफी हा सुन्नींचा एक मजहब, म्हणजे फिक्हची एक परंपरा). सलाम फिरवून (शेवटी मान वळवून नमाज संपवून), बोलून-चालून उठल्यावर लक्षात आलं की एका रकातीत (नमाजच्या एका आवर्तनात) रुकूच, म्हणजे कमरेत वाकणंच, झाला नाही. रुकू फर्ज, म्हणजे अनिवार्य आहे, त्यामुळे नमाज झालीच नाही, ती पुन्हा पढायची. पहिल्या रकातीत अल-फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) पढायची विसरली, तर ती वाजिब, म्हणजे बंधनकारकच, पण फर्जच्या एक पायरी खाली. तिची भरपाई अशी: शेवटच्या बैठकीत अत्तहियात (बसून पढायचा पाठ) पढून उजवीकडे एक सलाम, दोन जादा सजदे (कपाळ जमिनीला टेकणं), मग परत अत्तहियात, दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), दुआ आणि दोन्हीकडे सलाम. याला सजदा-ए-सह्व म्हणतात. हे विसरण्यापुरतंच आहे. तीच फातिहा मुद्दाम सोडली तर जादा सजद्यांनी भागत नाही, नमाज परत पढावी लागते. आता सुरुवातीची सना (अल्लाहची स्तुती) राहिली. ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, बंधन नव्हे; तिच्यासाठी काहीही करायचं नाही. 'खबरदारी म्हणून' सजदा-ए-सह्व करणारे पुष्कळ दिसतात, पण ती खबरदारी नव्हे, चूक आहे.

मनाईच्या बाजूलाही अशाच पायऱ्या आहेत: मकरूह तंजीही (टाळलेलं बरं), मकरूह तहरीमी (हरामला लागून, करणाऱ्याला गुनाह, म्हणजे पाप) आणि हराम. मधे मुबाह, म्हणजे करा वा न करा. नुसतं 'मकरूह' एवढंच लिहिलेलं दिसलं तर कुठलं ते विचारून घ्या. हनफी किताबांत नुसता 'मकरूह' असला तर तो बहुधा तहरीमी असतो, आणि वाचणारा मात्र 'थोडंसं नापसंत' असा अर्थ घेऊन मोकळा होतो.

धागा हनफी आणि शाफई या दोन मजहबांपुरता ठेवू. महाराष्ट्रातल्या सुन्नी मुसलमानांत घाटावर हनफी आणि कोकणी मुसलमानांत शाफई, असं ढोबळ चित्र आहे. बोहरा, खोजा आणि इस्ना अशरी यांची फिक्ह वेगळी, त्यावर जाणकारांनी स्वतंत्र धागा काढावा.

संकासूर

बाहेरच्या वाचकाची शंका. फर्ज आणि वाजिब दोन्ही 'करायलाच हवं' असेल तर दोन शब्द कशाला? आणि वाजिब म्हणजे आपलं 'वाजवी'च ना?

तराजू

शब्द तोच, पण अर्थ निसटलाय. मराठीत 'वाजवी' म्हणजे रास्त, फिक्हमध्ये 'वाजिब' म्हणजे बंधनकारक. या विषयात असे खड्डे बरेच आहेत. 'सबब' म्हणजे मराठीत निमित्त, इथे हुकूम लागू होण्याचं कारण. 'तकलीफ' म्हणजे त्रास नव्हे, जबाबदारी टाकणं. ज्याच्यावर ती पडते तो मुकल्लफ. 'उर्फ' म्हणजे टोपणनाव नव्हे, लोकरूढी. 'कायदा' म्हणजे सूत्र आणि त्याचं अनेकवचन 'कवाइद', ज्याची मराठीत कवायत झाली. सगळ्यांत घातक 'कियास'. मराठीत कयास म्हणजे अंदाज, आणि फिक्हमधला कियास ज्याला अंदाज वाटला त्याचं पुढचं सगळंच चुकतं.

आता फर्ज-वाजिब. हा भेद हनफींचा आहे आणि तो पुराव्याच्या वजनावर ठरतो. पुरावा शब्दांनीही पक्का आणि आपल्यापर्यंत पोचण्याच्या वाटेनेही पक्का असेल, म्हणजे कतई, तर फर्ज. यातल्या एका बाजूने जरी थोडी शक्यता उरली, म्हणजे जन्नी, तर वाजिब. कृतीच्या बाबतीत दोन्ही करावेच लागतात. फर्ज हे फर्ज आहे हेच नाकारणारा दीनबाहेर (धर्माबाहेर) जातो, वाजिब नाकारणारा जात नाही, गुमराह (वाट चुकलेला) ठरतो.

फातिहाचंच पाहा. कुराणात (७३:२०) 'सोपं वाटेल तेवढं कुराण पढा' असं आहे. त्यावरून काहीतरी पढणं फर्ज. 'फातिहाशिवाय नमाज नाही' ही हदीस (पैगंबरांचं नोंदलेलं वचन) सही, म्हणजे खात्रीची आहे, पण ती खबर-ए-वाहिद, म्हणजे मोजक्या राव्यांकडून (वचन पुढे पोचवणाऱ्यांकडून) आलेली. हनफी म्हणतात, अशा हदीसने कुराणाच्या मोकळ्या शब्दाला फर्जाच्या पातळीवरची अट जोडता येत नाही. पण हदीस सोडायचीही नाही. म्हणून फातिहा वाजिब.

खाडीकाठ

आणि इमाम शाफई (इ.स. ७६७–८२०) नेमके इथेच वळण घेतात. त्यांच्या मते सही हदीस ही कुराणाचा खुलासा असते. 'सोपं वाटेल तेवढं' यातलं किमान काय, ते हदीसने सांगितलं. म्हणून शाफईंकडे फातिहा थेट रुक्न, म्हणजे नमाजचा अविभाज्य भाग. इमामामागे उभा असलेल्यानेही ती पढायची. हनफी मुक्तदी (इमामामागे पढणारा) गप्प उभा राहतो. मुंबईच्या मशिदीत शेजारी उभ्या दोघांतल्या एकाचे ओठ हलतात, दुसऱ्याचे नाही, त्याचं मूळ हे.

शाफईंकडे हजचा अपवाद सोडला तर फर्ज आणि वाजिब एकच. त्यामुळे सजदा-ए-सह्वचा हिशेब वेगळा होतो. रुक्न राहिलं तर ते करूनच पुढे जायचं, नुसत्या सजद्यांनी भरपाई नाही. सजदे आहेत ते काही ठळक सुन्नतींसाठी, ज्यांना 'अबआद' म्हणतात: पहिली अत्तहियात, फज्रमधला (पहाटेच्या नमाजमधला) कुनूत, म्हणजे उभ्याने पढायची दुआ, वगैरे. बाकीच्या सुन्नतींना (हैआत) काही नाही. आणि हे सजदे सलामच्या आधी करायचे.

म्हणून 'सुन्नत राहिली की सजदा-ए-सह्व नाही' हे वाक्य शाफई माणसाला जसंच्या तसं सांगू नका. फज्रचा कुनूत त्याच्याकडे सुन्नतच आहे आणि तरीही सजदे आहेत.

वुजूतही, म्हणजे नमाजआधीच्या हात-तोंड-पाय धुण्यातही, असंच. हनफींकडे फर्ज ४: चेहरा, कोपरांसकट हात, डोक्याच्या चौथ्या हिश्शावर मसह (ओला हात फिरवणं), घोट्यांसकट पाय. शाफईंकडे ६: हेच चार (मसह थोड्याशा भागावर, अगदी एका केसावर झाला तरी पुरे), शिवाय नियत (मनातला हेतू) आणि क्रम. पावसात नखशिखांत भिजलेल्या हनफीचं वुजू नियत नसतानाही होऊन जातं. शाफईचं होत नाही.

चाळणी

हे पायऱ्यांचं झालं, पण निम्मे घोळ दुसऱ्याच ठिकाणी होतात. हुकूम दोन जातींचे. वर चाललंय ते हुक्म-ए-तकलीफी: माणसाने काय करावं, काय टाळावं. दुसरा हुक्म-ए-वजई: कशामुळे काय लागू होतं. त्यात सबब, शर्त (अट), माने (अडसर), आणि कृती सही (ग्राह्य) की बातिल (रद्द) हे येतं. सूर्य माथ्यावरून ढळणं ही जुहरची (दुपारच्या नमाजची) सबब, वुजू ही शर्त, हैज (मासिक पाळी) हा अडसर.

दोन्ही जाती वेगळ्या का ठेवायच्या? जुम्याच्या (शुक्रवारच्या नमाजच्या) अजाननंतरची खरेदी-विक्री बघा. कुराण (६२:९) म्हणतं, व्यापार सोडा. दुकानदाराने त्या वेळी माल विकला. गुनाह झाला, यावर वाद नाही. पण सौदा झाला की नाही? हनफी आणि शाफई म्हणतात, झाला, माल गिऱ्हाइकाचा. हंबली (आणखी एक सुन्नी मजहब) म्हणतात, सौदाच सही नाही. म्हणजे 'हराम आहे' एवढ्यावरून 'रद्द आहे' असं निघत नाही. ही दोन उत्तरं दोन वेगळ्या खिडक्यांवर मिळतात.

लहान मुलाचंही तसंच. मूल मुकल्लफ नाही, म्हणून त्याला गुनाह नाही. पण त्याने शेजाऱ्याची काच फोडली तर भरपाई त्याच्या मालातून द्यायची, कारण नुकसान ही भरपाईची सबब आहे आणि सबबीला वय लागत नाही. याच धाग्याला धरून अनाथ मुलाच्या पैशावर जकात (दरवर्षी द्यायचं बंधनकारक दान) आहे का, हा वाद उभा राहतो. शाफई म्हणतात आहे, पालकाने त्या मालातून काढावी, कारण हक्क मालाला चिकटलेला आहे. हनफी म्हणतात नाही, जकात इबादत (उपासना) आहे आणि इबादतीला मुकल्लफ माणूस लागतो.

मोहनमाळ

जकातीचा विषय निघालाच आहे तर दागिन्यांचं सांगा. दरवर्षी रमजानमध्ये घराघरांत याच्यावरून वेगवेगळे आकडे निघतात.

चाळणी

आकड्यांपासून सुरू करते, कारण पहिली चूक तिथेच होते. निसाब, म्हणजे जकात लागू व्हायची किमान मर्यादा, सोन्याचा साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न तोळे. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. त्याच्या हिशेबाने साडेसात तोळे म्हणजे ७५ ग्रॅम, आणि इथे सुमारे साडेबारा ग्रॅमचा फरक पडतो.

हनफींकडे वापरातल्या दागिन्यांवरही जकात. शाफईंकडे स्त्रीच्या वापरातल्या, जायज (धर्माला मान्य) आणि अवाच्या सवा नसलेल्या दागिन्यांवर नाही. गुंतवणूक म्हणून ठेवलेली वळी, बिस्किटं मात्र दोन्हीकडे धरायची.

दुसरी चूक हनफींकडची. घरात फक्त ३० ग्रॅम सोनं, शिल्लक रोकड नाही, चांदी नाही. ३० ग्रॅमची किंमत चांदीच्या निसाबापेक्षा जास्त होते म्हणून लोक जकात काढतात. लागू नाही. सोनं एकटं असेल तर ते वजनावर मोजायचं आणि ८७.४८ ला ते पोचत नाही. पण सोबत थोडीशी रोकड शिल्लक असली की दोन्हींची किंमत एकत्र करायची आणि ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या भावाशी ताडायची. आता जकात आली. म्हणजे त्या दिवशी हाताशी किती पैसा आहे यावर सगळं फिरतं. शाफईंकडे सोनं-चांदी एकमेकांत मिळवून निसाब पुरा करत नाहीत.

तिसरी: जकातीचं वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. ३१ मार्चला हिशेब करणाऱ्याने जकातीचे नेहमीचे २.५ टक्के लावले तर दरवर्षी थोडं कमी पडतं. सौर वर्षाला दर २.५७७ टक्के येतो. त्यापेक्षा एक चांद्र तारीख पक्की करून तीच पाळणं सोपं.

आणि कर्ज. हनफींकडे देणं वजा करून उरलेलं निसाबाइतकं आहे का ते पाहतात, म्हणजे कर्ज हा अडसर. शाफईंच्या प्रचलित मताप्रमाणे कर्ज जकात अडवत नाही. गृहकर्जाची पुढच्या वीस वर्षांची रक्कम वजा करून 'निसाबच उरत नाही' म्हणणं मात्र हनफी उलमाही (धर्मपंडितही) सहसा मान्य करत नाहीत, यंदाचे देय हप्तेच धरतात.

संकासूर

वर 'कियास म्हणजे अंदाज नाही' म्हणालात. मग काय?

तराजू

चार खांब: अस्ल (ज्याचा हुकूम नस्समध्ये, म्हणजे कुराण-हदीसच्या मजकुरात, आहे ते प्रकरण), फर्अ (नवं प्रकरण), इल्लत (हुकमामागचं मोजता येणारं कारण) आणि हुकूम. हा 'फर्अ' वेगळा, मघाचा 'फर्ज' वेगळा. द्राक्षांची दारू हराम, कारण नशा. ताडीत नशा आहे, म्हणून ताडी हराम. हे शाळकरी उदाहरण सगळीकडे देतात आणि त्यात कियासची खरी कसरत दिसतच नाही.

खरी कसरत इथे आहे. हदीसमध्ये सहा वस्तूंची नावं आहेत: सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ. एकाच जातीचा माल बदलून घेताना बरोबरीने आणि हातोहात, नाहीतर रिबा (मनाई असलेलं व्याज). सहाच का? त्यांच्यात समान काय? हनफी म्हणतात, मापून किंवा तोलून विकली जाणारी एकाच जातीची वस्तू. शाफई म्हणतात, सोन्याचांदीत चलन असणं आणि बाकी चारांत खाद्य असणं.

आता एका अंड्याला दोन अंडी. अंडी मोजून विकतात, तोलून नाही. हनफींकडे हातोहात चालतं, उधारीवर नाही. शाफईंकडे अंडं खाद्य आहे, चालत नाही. एक किलो लोखंडाला दोन किलो लोखंड: हनफींकडे रिबा, शाफईंकडे नाही. उत्तरं बरोब्बर उलटी! दोघांची हदीस एक, फरक फक्त इल्लत कुठली धरली यात. यात अंदाज कुठे आहे?

खाडीकाठ

हापूस घ्या की. रत्नागिरीत डझनावर जातो, तोपर्यंत हनफी हिशेबाने मोजायची वस्तू. जिथे बाजार किलोवर गेला तिथे तीच वस्तू तोलायची झाली, कारण नस्समध्ये नाव नसलेल्या वस्तूचं माप रूढी ठरवते. हा उर्फ. शाफईंना फरक पडत नाही, आंबा कसाही विका, खाद्यच.

तराजू

वा, हे चपखल. आणि इल्लत-हिकमत यांतली गल्लतही इथेच काढू. सफरमध्ये चार रकाती दोन होतात (कस्र). हिकमत (हुकमामागचा हेतू): प्रवासाचे हाल. इल्लत: प्रवास. हाल मोजता येत नाहीत, अंतर मोजता येतं, म्हणून हुकूम अंतराला बांधला. एसी डब्यात झोपून जाणाऱ्याला कस्र आहे, दिवसभर स्टेशनात ओझी वाहणाऱ्या हमालाला नाही. 'आता प्रवासात हाल नाहीत, मग कस्र कशाला' हा युक्तिवाद या एका भेदावर कोसळतो.

अंतर हनफींकडे ४८ मैल, सुमारे ७७ किमी, तेही गावाची वस्ती संपल्यापासून. मुक्काम १५ दिवसांपेक्षा कमी ठरवला असेल तोवर कस्र, आणि ती वाजिब. शाफईंकडे अंतर ८० किमीच्या आसपास, मुक्काम येण्या-जाण्याचे दिवस सोडून ४ दिवसांपेक्षा कमी, आणि कस्र ही सवलत, रुखसत. पूर्ण पढली तरी नमाज होते. जुहर आणि असर (तिसऱ्या प्रहरची) अशा दोन नमाजा एकत्र करायची मुभाही शाफई प्रवाशाला आहे, हनफींकडे ती हजमध्ये अरफात-मुजदलिफा या मक्केजवळच्या ठिकाणांपुरतीच.

मुंबईहून खेड-चिपळूणला स्वतःच्या गावी जाणारे इथे चुकतात. गाव अजून आपलं वतन मानत असाल तर वाटेत कस्र, पण गावात पोचल्यावर पूर्ण नमाज, मुक्काम दोनच दिवसांचा असला तरी.

भरतीओहोटी

कोळंबीचं राहिलं. हनफी मित्र कोकणात जेवायला आले की हाच वाद.

खाडीकाठ

शाफईंकडे कोळंबीवर वादच नाही. हनफींकडे पाण्यातल्या प्राण्यांपैकी फक्त मासा हलाल, हे सूत्र सगळ्यांना मान्य. वाद एवढाच, की कोळंबी मासा आहे का? जुने अरबी कोशकार तिला माशात धरतात, प्राणिशास्त्र धरत नाही. जे हनफी उलमा जायज म्हणतात ते लोकभाषेला मानतात, जे टाळायला सांगतात ते शास्त्राला. सूत्रावर एकमत आणि समोरची वस्तू त्यात बसते का यावर मतभेद, याला तहकीक-ए-मनात म्हणतात. असल्या वादात हदीसा फेकून मारण्यात अर्थ नसतो, कारण भांडण हदीसवर नसतंच.

कुर्लीवर मात्र शाफईंनी फार मिशीला पीळ देऊ नये. शाफई पंडित इमाम नववींच्या 'मिन्हाज' या ग्रंथात जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे जगणाऱ्यांत बेडकाबरोबर खेकड्याचंही नाव हरामच्या यादीत आहे. त्यांच्याच 'मजमू'मध्ये कल वेगळा. कोकणात खातात ते त्या दुसऱ्या मताच्या आधारावर.

संकासूर

मग सोपं आहे. दागिन्यांना शाफई, कुर्बानीला शाफई, वुजूला हनफी. सगळीकडचं स्वस्त ते घ्यायचं.

चाळणी

याला नाव आहे: तत्तब्बु-ए-रुखस, सवलती वेचत हिंडणं. बहुतेक फकीहांनी (फिक्हच्या जाणकारांनी) नापसंत ठरवलंय. त्यातला वाईट प्रकार तल्फीक: एकाच कृतीत दोन मजहब असे शिवायचे की दोघांनाही ती मान्य होऊ नये. वुजूनंतर जखमेतून रक्त वाहिलं (हनफींकडे वुजू तुटलं, शाफईंकडे नाही), मग बायकोच्या हाताला हात लागला (शाफईंकडे तुटलं, हनफींकडे नाही). आता रक्तासाठी शाफई आणि स्पर्शासाठी हनफी होऊन नमाज पढली. दोन्ही इमामांच्या मते ही नमाज बिनवुजूची!

कुर्बानीचं म्हणाल तर हनफींकडे जिलहिज्ज महिन्याच्या १० ते १२ तारखेला निसाब बाळगणाऱ्यावर ती वाजिब, आणि जकातीसारखं वर्ष पुरं व्हायची अट नाही. शाफईंकडे सुन्नत-ए-मुअक्कदा (जोर दिलेली सुन्नत), मुदत १३ तारखेपर्यंत.

कोर्टकचेरी

दुसऱ्या मजहबाचं मत घेणं प्रत्येक वेळी पळवाट नसते, तेही नोंदवायला हवं. हनफी मताप्रमाणे बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने त्याच्या वयाचे लोक मरेपर्यंत थांबायचं. मालिकी मजहबाचं मत ४ वर्षांचं. ब्रिटिश हिंदुस्थानात हनफी बायकांची यावरून कोंडी होत होती. हनफी उलमांनीच गरजेपोटी मालिकी मताचा आधार घ्यायला मान्यता दिली आणि १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात तो आला: ४ वर्षं पत्ता नाही तर निकाहभंगाचा हुकूमनामा, तो अमलात येतो ६ महिन्यांनी, दरम्यान नवरा परतला तर रद्द होऊ शकतो.

आणि मराठी वर्तमानपत्रांनी 'फतवा काढला' लिहिणं थांबवलं तर बरं होईल. फतवा विचारला जातो. विचारणारा मुस्तफ्ती, सांगणारा मुफ्ती, आणि ते त्या प्रश्नापुरतं मत असतं. बांधील असतो तो काजीचा निवाडा, कजा. मराठीतला भांडणाचा 'कज्जा' याच कुळातला, तो भाग वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फतव्याला कायदेशीर बंधन नाही हे स्पष्ट केलेलं आहे.

मोहनमाळ

एक शेवटचं. नमाजमध्ये तिसरी रकात की चौथी, हेच आठवत नसेल तर?

तराजू

'खात्री शंकेने जात नाही' हा कायदा. शाफईंकडे सरळ: कमी आकडा धरा, एक रकात अजून पढा, शेवटी सलामआधी सजदा-ए-सह्व. हनफींकडे आधी विचारायचं, असं क्वचित होतं की नेहमी? क्वचित होत असेल तर नमाज मोडून नव्याने. नेहमीचं असेल तर मन जिकडे जास्त झुकतं तो आकडा. कुठेच झुकत नसेल तर कमी आकडा, आणि जी रकात शेवटची असू शकते तिच्यानंतर बसून घ्यायचं, म्हणजे इथे तिसरी धरलेल्या रकातीनंतरही, आणि मग चौथीनंतरही. ते मधलं बसणं लोक हमखास विसरतात. सलाम फिरवून झाल्यावर आलेली शंका मात्र दोन्हीकडे सोडून द्यायची.